पडता बाजार आणि चार निवडी: एसआयपी थांबवणं की चालू ठेवणं, एकरकमी की एसटीपी, एफडी की आर्बिट्राज, बीएएफ की स्वतःचं रीबॅलन्सिंग

सप्टेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात निफ्टी २६,२७७ च्या शिखरावर पोहोचला होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो २२,००० च्या आसपास आला, म्हणजे पाच-सव्वापाच महिन्यांत सोळा टक्के खाली. त्या काळात सलग काही महिने नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याची सोय) बंद झालेल्या एसआयपी जास्त होत्या. (या आकड्यात मुदत संपलेल्या एसआयपीही येतात, त्यामुळे तो सगळा घबराटीचा समजू नये.) अशा काळात सामान्य गुंतवणूकदाराचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. बाजार पुढे कुठे जाईल याचा अंदाज न बांधताही त्यांची उत्तरं देता येतात. पैसे कधी लागणार आहेत आणि कुठली चूक झाली तर तुम्हाला सोसेल, एवढं ठाऊक असलं की पुरतं.

एसआयपी: थांबवावी की चालू ठेवावी

दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशांची एसआयपी बाजार पडला म्हणून थांबवणं म्हणजे भाव उतरल्यावर बाजारात जाणं बंद करणं. याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. थांबवण्याची रास्त कारणं तीनच: पगार थांबला, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी हाताशी नाही, किंवा ते पैसे तीन वर्षांच्या आत लागणार आहेत.

मात्र एसआयपीकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. महिना १०,००० रुपये १५ वर्षं भरले आणि १२ टक्के परतावा धरला तर भरलेले १८ लाख साधारण ५० लाख होतात. त्या टप्प्यावर बाजार २० टक्के पडला तर १० लाख जातात आणि पुढचा हप्ता १०,००० चाच असतो. म्हणजे जमलेल्या रकमेच्या ०.२ टक्के. पडत्या भावात जास्त युनिट मिळण्याचा, म्हणजे सरासरीचा, फायदा पुढे येणाऱ्या पैशांना मिळतो, साठलेल्या पैशांना त्याने काही संरक्षण मिळत नाही. मुलीच्या शिक्षणाला दोन वर्षं उरली असताना ‘एसआयपी चालू आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेले लोक इथेच फसतात.

थांबवायचीच असेल तर खात्यात पैसे न ठेवता हप्ता ‘परत’ जाऊ देऊ नका. फंड कंपनी दंड लावत नाही, बँक लावते, दर वेळी काहीशे रुपये अधिक जीएसटी. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती आपोआप बंदही होते. बहुतेक फंडांत ठरावीक महिन्यांपुरती ‘पॉज’ सोय असते, पण तिची विनंती हप्त्याच्या तारखेच्या काही दिवस आधी द्यावी लागते. आदल्या दिवशी ॲप उघडून उपयोग होत नाही.

एकरकमी की एसटीपी

निवृत्तीचे किंवा जुना फ्लॅट विकून आलेले पैसे हातात आहेत. ते एकदम इक्विटी (शेअर्सच्या) फंडात टाकावेत, की लिक्विड फंडात (अगदी अल्पमुदतीचे रोखे घेणाऱ्या) ठेवून दर महिन्याला थोडे थोडे तिकडे वळते करावेत, म्हणजेच एसटीपी लावावी?

एकाच वर्षातली दोन उदाहरणं पाहा. १ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,१८२ वर बंद झाला. त्या दिवशी सुरुवात करून महिन्याच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवशी सहा समान हप्ते टाकले असते तर ते साधारण १२,१८०, ११,६६०, ११,१३०, ८,२५०, ९,२९० आणि ९,८३० या पातळ्यांवर पडले असते. सरासरी खरेदी सुमारे १०,२००. म्हणजे एकरकमीपेक्षा १६ टक्के स्वस्त. आता तीच सहा हप्त्यांची एसटीपी १ एप्रिल २०२० ला सुरू करा. हप्ते ८,२५० पासून चढत ११,४७० पर्यंत जातात, सरासरी सुमारे ९,९००. इथे एकरकमी गुंतवणाऱ्याच्या तुलनेत एसटीपीवाल्याला २० टक्के महाग पडलं. पहिल्या उदाहरणातला माणूस हुशार नव्हता आणि दुसऱ्यातला मूर्ख नव्हता, दोघांनी एकच गोष्ट केली.

बाजार पडण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवतो, त्यामुळे निव्वळ गणितात एकरकमीचं पारडं बऱ्याचदा जड ठरतं. तरीही ती रक्कम तुमच्या एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्शाहून मोठी असेल तर आमचं मत एसटीपीच्या बाजूचं आहे. तिथे एकरकमी चूक झाली तर माणूस पुन्हा इक्विटीच्या वाटेला जात नाही, आणि ते नुकसान १६ टक्क्यांहून मोठं असतं. मुदत सहा ते बारा महिने ठेवा. तीन वर्षांची एसटीपी म्हणजे तीन वर्षं लिक्विड फंडाचा परतावा. हप्ते सुरू झाल्यावर ‘अजून पडेल’ म्हणून मध्येच थांबवायचे असतील तर एसटीपी लावण्यात अर्थ नाही.

एक तपशील राहून जातो: एसटीपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडातली विक्री. तिच्यावरचा नफा तुमच्या स्लॅबने करपात्र आहे. रक्कम किरकोळ असते, पण विवरणपत्रात दाखवावी लागते.

सुरक्षित हिस्सा: एफडी की आर्बिट्राज फंड

आर्बिट्राज फंड एकच शेअर रोखीच्या बाजारात घेऊन वायदे बाजारात विकतो आणि दोन भावांतला फरक कमावतो. १० लाख रुपये, वर्षभरासाठी. समजा एफडीवर ७ टक्के आणि आर्बिट्राज फंडात ६.५ टक्के मिळाले. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात, उपकर धरून ३१.२.

| | मिळकत | कर | हातात |
|---|---|---|---|
| एफडी | ७०,००० | २१,८४० | ४८,१६० |
| आर्बिट्राज, १२ महिन्यांच्या आत विक्री | ६५,००० | १३,५२० | ५१,४८० |
| आर्बिट्राज, १२ महिन्यांनंतर, १.२५ लाखांची सूट आधीच संपलेली | ६५,००० | ८,४५० | ५६,५५० |
| आर्बिट्राज, १२ महिन्यांनंतर, सूट शिल्लक | ६५,००० | ० | ६५,००० |

आर्बिट्राज फंडाला इक्विटीचा कर लागू होतो. २३ जुलै २०२४ पासून तो अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांच्या पुढे १२.५ टक्के आहे. वरचे आकडे उपकरासह आहेत. उत्पन्न करपात्रच नसेल, जसं अनेक ज्येष्ठांचं असतं, तर तक्ता उलटतो आणि एफडीचे पूर्ण ७०,००० हातात येतात.

आर्बिट्राजमध्ये एखादा महिना शून्याच्या खाली जाऊ शकतो आणि पैसे यायला दोन-तीन कामकाजाचे दिवस लागतात. म्हणून दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे तिथे नकोत. एफडीतला धोका बँकेचा आहे. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढायची मुभा होती. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी एकाच सहकारी बँकेत २० लाख ठेवणं हा सौदा परवडणारा नाही. आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट (रोख्यांच्या) फंडांचा नफा कितीही वर्षांनी स्लॅबनेच करपात्र होतो, त्यामुळे लहान मुदतीसाठी त्यांचं पूर्वीचं आकर्षण उरलेलं नाही.

बॅलन्स्ड ॲडव्हांटेज फंड की स्वतःचं रीबॅलन्सिंग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. बॅलन्स्ड ॲडव्हांटेज फंड (बीएएफ) शेअर्स आणि रोख्यांचं प्रमाण स्वतःच बदलत राहतो. रीबॅलन्सिंग म्हणजे बिघडलेलं प्रमाण आपण पुन्हा ठरल्या जागी आणणं.

आधी स्वतः करायचं गणित. २० लाखांचा पोर्टफोलिओ, ६०:४०. म्हणजे इक्विटी १२ लाख, डेट (रोखे, ठेवी) ८ लाख. इक्विटी ३० टक्के पडली तर ८.४ लाख उरते, एकूण १६.४ लाख, इक्विटीचा वाटा ५१ टक्के. पुन्हा ६० वर यायला डेटमधून १.४४ लाख इक्विटीत न्यावे लागतात. इक्विटी ४० टक्के चढली तर ती १६.८ लाख होते, वाटा जवळपास ६८ टक्के, आणि १.९२ लाखांची इक्विटी विकावी लागते.

बीएएफ विकणारे इथे सांगतात की स्वतः विकलं की कर लागतो, फंडाच्या आत लागत नाही. खरं आहे, पण किती? त्या १.९२ लाखांतला नफा साधारण ५५,००० रुपये. वर्षाहून जुनी युनिट विकली आणि बाकी काही विकलं नाही तर कर शून्य. हाच हिशेब पुढे नेला तर साधारण ४५ लाखांच्या पोर्टफोलिओपर्यंत एवढ्या चढानंतरचं रीबॅलन्सिंग १.२५ लाखांच्या सुटीत बसतं. त्याखालच्यांसाठी कराचा हा मुद्दा लंगडा आहे.

बीएएफचा खरा करफायदा दुसरीकडे आहे. या योजना एकूण इक्विटी सहसा ६५ टक्क्यांच्या वर ठेवतात आणि त्यातला काही भाग फ्युचर्स (वायदे) विकून झाकतात, म्हणजे तेवढ्या भागाला बाजाराच्या चढउताराची झळ लागत नाही. त्यामुळे संपूर्ण योजनेला, आतल्या रोख्यांच्या मिळकतीसकट, इक्विटीचा कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्याला डेटच्या भागावर ३१.२ ऐवजी १३ टक्के पडतात. ४० टक्के डेट ठेवणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं जाणवतो.

आता पोटात काय आहे ते पाहा. फॅक्टशीटमध्ये ‘इक्विटी ६८ टक्के’ लिहिलेलं असलं तरी झाकलेला भाग वजा केल्यावर ‘निव्वळ इक्विटी’ ४० असू शकते. दुसरा आकडा तुमचा, पहिला आयकर खात्याचा. शिवाय एकाच नावाखाली उलट स्वभावाचे फंड आहेत. काही पीई किंवा पीबी (भाव कमाईच्या किंवा पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे) पाहून बाजार महागला की इक्विटी कमी करतात. काही कल पाहतात, म्हणजे बाजार घसरणीला लागला की इक्विटी कमी करतात. एकाच पडत्या महिन्यात पहिला खरेदी करत असतो, दुसरा विक्री. दोन बीएएफ घेऊन ‘विविधता’ साधणाऱ्यांनी हे एकदा तपासावं. आणि ‘बॅलन्स्ड’ शब्दावर विसंबू नये: मार्च २०२० मध्ये या गटातल्या बऱ्याच योजना दोन आकडी टक्क्यांनी खाली होत्या.

स्वतः करणाऱ्यांचं कुठे बिघडतं? पहिलं, ४० टक्के डेट फक्त कागदावर असतं. त्यात पीपीएफ, ईपीएफ, पाच वर्षांची करबचत एफडी. गरजेच्या दिवशी यातलं काहीच हलत नाही. वरच्या उदाहरणात १.४४ लाख हलवायचे होते, म्हणून पोर्टफोलिओचा किमान दहावा हिस्सा लिक्विड किंवा आर्बिट्राज फंडात मोकळा हवा. दुसरं, नव्या पैशांनी तोल साधायला वेळ लागतो. महिन्याची २०,००० ची गुंतवणूक १२:८ ऐवजी सगळी इक्विटीत वळवली, तर बाजार तिथेच राहिला असं धरून ६० टक्क्यांवर यायला बरोबर १८ महिने जातात. तिसरं, बटण दाबवत नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला तेव्हा तुमचा ६०:४० चा तक्ता ‘डेट विका, इक्विटी घ्या’ म्हणत होता. त्या दिवशी ते करणारे मोजकेच. हे काम न विचारता करून देणं हीच बीएएफची खरी सेवा आहे, आणि खर्चाचं प्रमाण हे तिचं भाडं. ते रेग्युलर (वितरकामार्फतच्या) प्लॅनमधून भरत असाल तर डायरेक्टपेक्षा (थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या) सहसा अर्धा ते एक टक्का जास्त जातं. २० लाखांवर वर्षाला १०,००० ते २०,००० रुपये.

स्वतः करायचं ठरलं तर वर्षात दोनदा पाहा, १ एप्रिलला आणि दिवाळीच्या सुमारास. वाटा पाच टक्क्यांहून जास्त सरकला असेल तरच हात लावा. आधी नवे पैसे वळवा, मग एक्झिट लोड (लवकर विकल्यास लागणारं शुल्क) संपलेली युनिट विका. आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात, त्यामुळे चालू एसआयपीतही जुना भाग मोकळा सापडतो. तोट्यात विकलं असेल तर तो तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.

कोणासाठी काय: ३० टक्क्यांचा स्लॅब, मोकळं डेट नाही, आणि मागच्या घसरणीत तुम्ही विकून बाहेर पडला होतात, तर बीएएफचा डायरेक्ट प्लॅन. ईपीएफ भक्कम, स्लॅब खालचा आणि तक्ता पाळण्याची शिस्त असेल, तर इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकाची नक्कल करणारा) आणि स्वतःचं रीबॅलन्सिंग. निवृत्तांना बीएएफ ‘मासिक उत्पन्न’ म्हणून लाभांश पर्यायात विकला जातो. तो घेऊ नका. तो लाभांश तुमच्याच पैशांतून निघतो, एनएव्ही (एका युनिटची किंमत) तेवढी उतरते आणि पूर्ण रकमेवर स्लॅबने कर लागतो. ग्रोथ पर्यायात (लाभांश न वाटणाऱ्या) एसडब्ल्यूपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम काढण्याची सोय, लावली तर प्रत्येक हप्त्यातला फक्त नफ्याचा भाग करपात्र होतो.

एनपीएस असलेल्या खासगी नोकरदारांना एक तिसरी वाट आहे, आणि ती फारसं कोणी वापरत नाही. ‘ॲक्टिव्ह चॉइस’ (प्रमाण स्वतः ठरवण्याचा पर्याय) निवडला असेल तर एका आर्थिक वर्षात चार वेळा इक्विटी आणि रोख्यांचं प्रमाण बदलता येतं. त्यावर ना कर, ना एक्झिट लोड. म्युच्युअल फंडांना हात न लावता सगळा तोल तिथूनच सावरता येतो, फक्त हिशेब करताना दोन्ही खाती एकत्र धरायला हवीत.