खाऱ्या पाण्यातील हौशी नौका: जस्ताचा ॲनोड की ॲल्युमिनियमचा, आणि तळाला रंग कोणता?

हौशी नौकेला खाऱ्या पाण्यापासून जपायचे ठरवले की मालकापुढे मुख्यतः दोन निवडी येतात: ॲनोड, म्हणजे नौकेच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, कोणत्या धातूचा बसवायचा आणि तळाला कोणता रंग लावायचा. दोन्हींचे उत्तर नौकेच्या किमतीवर किंवा लांबीवर अवलंबून नसून, वापरात नसताना ती कोठे आणि कशा पाण्यात उभी राहते यावर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते विजेचे चांगले वाहक असते. अशा पाण्यात नौका पुढे ढकलणारा काशाचा पंखा (प्रोपेलर) आणि त्याचा स्टेनलेस स्टीलचा दांडा एकमेकांना जोडलेल्या स्थितीत बुडालेले असले, की त्यांच्यात प्रवाह वाहू लागतो आणि जो धातू अधिक सहज विरघळतो तो झिजतो. त्यांच्याहून लवकर विरघळणारा ॲनोड जोडला की झीज त्याच्या वाट्याला जाते. पितळेच्या वस्तूतले जस्त असे झिजून गेले असेल, तर चाकूने हलकेच खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसतो. तेवढा भाग ठिसूळ झालेला असतो आणि तळाजवळच्या झडपेच्या बाबतीत तो सरळ धोका मानावा.

जस्ताचा ॲनोड निव्वळ समुद्राच्या पाण्यात विश्वासाने काम करतो. खाडीच्या मचूळ पाण्यात मात्र त्याच्यावर पांढरट, कठीण थर चढतो आणि तो निष्क्रिय होतो. दिसायला तो अख्खाच राहतो, म्हणून मालक निर्धास्त असतो, आणि झीज पंख्याची होते. ॲल्युमिनियमचा ॲनोड समुद्रात आणि मचूळ पाण्यात, दोन्हीकडे चालतो. अर्थात हे साधे ॲल्युमिनियम नव्हे; त्यात जस्त आणि इंडियम हा धातू अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असतो, कारण एरवी त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याला विरघळूच देत नाही. वजनास वजन धरले तर तो जस्ताच्या सुमारे तिप्पट काम देतो. पण घनता कमी असल्याने त्याच आकाराचा तुकडा थोडाच जास्त टिकतो, हे विकत घेताना लक्षात ठेवावे. फायबरच्या नौकेसाठी, विशेषतः जिचा धक्का खाडीच्या मुखाशी आहे तिच्यासाठी, मी ॲल्युमिनियमच सुचवेन. लाकडी नौकेसाठी मात्र जस्त बरे, आणि तेही बेताने, कारण संरक्षण गरजेपेक्षा जास्त झाले तर धातूभोवती अल्कली साचून लाकूड खराब होते. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी आहे. समुद्रात ते फार लवकर संपते.

कोणताही ॲनोड निवडला तरी त्याच्यावर रंग लावू नये, खालचा धातू घासून स्वच्छ केल्यावरच तो बसवावा, आणि निम्मा झिजला की बदलावा. एकमेकांना जोडलेल्या धातूंवर जस्त आणि ॲल्युमिनियम मिसळून लावले, तर ॲल्युमिनियम जस्ताचेही रक्षण करत बसते आणि स्वतः लवकर संपते.

रंगाचा प्रश्न यापासून वेगळा नाही. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्त जोडून त्याची झीज थांबवून दाखवली. पण तांबे विरघळायचे थांबताच त्या पत्र्यावर शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) वाढू लागले. आजचे तांबेयुक्त रंग हळूहळू विरघळणाऱ्या तांब्याच्याच बळावर तळ स्वच्छ ठेवतात. झिजणाऱ्या रंगाचा वरचा थर पाण्याबरोबर निघून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो, त्यामुळे जुन्या रंगाची पुटे साचत नाहीत आणि नौका काही काळ कोरडी राहिली तरी बहुतेक रंगांचा गुण टिकतो. कठीण रंग घासता येतो आणि वेगवान नौकेवर तग धरतो, पण त्यातले तांबे संपले तरी रंगाचा थर तसाच उरतो, आणि नौका महिनोन्महिने जमिनीवर राहिली तर त्याचा प्रभाव घटतो. म्हणून वर्षातला काही काळ बाहेर काढल्या जाणाऱ्या, मध्यम वेगाच्या नौकेसाठी झिजणारा, तर कायम पाण्यात राहणाऱ्या वेगवान नौकेसाठी कठीण रंग योग्य ठरतो. प्रत्येक फेरीनंतर ट्रेलरवर चढणाऱ्या नौकेला बहुधा दोन्हींची गरज नसते. तिथे गोड्या पाण्याने धुणे आणि इंजिनाच्या आतील वाटांतून उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे गोडे पाणी फिरवणे हेच खरे संरक्षण आहे, कारण आत सुकलेले मीठ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा अडवते.

नौकेचा तळच ॲल्युमिनियमचा असेल, तर तांब्याचा साधा रंग पूर्णपणे टाळावा. जेथे लेप खरवडला जातो तेथे तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकत्र येतात आणि पत्र्याला खड्डे पडतात. अशा नौकेसाठी तांबेविरहित रंगच घ्यावा.