सात महिने, चार खेपा, एकच घर: साउथ टिरोलमध्ये शेतकऱ्याकडचा मुक्काम

एप्रिल ते नोव्हेंबर या सात महिन्यांत मी आणि बायको एकाच शेतकऱ्याच्या घरी चार वेळा राहून आलो. एकूण अकरा रात्री. घर इटलीच्या उत्तर टोकाला, साउथ टिरोलमधल्या फिन्शगाउ खोऱ्यात आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियात होता, त्यामुळे घरात बोलणं जर्मनच. आम्ही म्युनिकला राहतो, तिथून गाडीनं साधारण चार तास. एका मुक्कामावरून मत द्यायला नको म्हणून इतके महिने थांबलो.

आधी व्यवहाराचं. दोघांना रात्रीचे 95 युरो, न्याहारी धरून. निघताना साफसफाईचे 40 युरो वेगळे द्यावे लागले, आणि हे पहिल्या खेपेला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्रीसाठी खोली सहसा देत नाहीत. ऑगस्टमध्ये तर आठवड्यापेक्षा कमी मुक्कामासाठी विचारूच नका. तिथल्या शेतकरी संघाचं 'लाल कोंबडा' हे चिन्ह अशा घरांवर असतं आणि सोयींनुसार एक ते पाच फुलं मिळतात. आमच्या घराला तीन होती. मला महत्त्वाचा वाटला तो 2006 चा इटलीचा कायदा. त्यानुसार मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, पाहुणे जोडीला. राहताना हे पदोपदी कळतं. मालक दिवसभर बागेत असतात, तुमच्यासाठी कुणी थांबून राहत नाही.

एप्रिलमधली दुसरीच रात्र मी विसरणार नाही. सफरचंदाची झाडं फुलोऱ्यात होती. रात्री तीनच्या सुमारास खाली दार वाजलं, ट्रॅक्टर सुरू झाला. मी जॅकेट चढवून उतरलो. पारा शून्याखाली निघाला होता आणि मालक बागेवर तुषार सिंचन सोडत होते. एवढ्या थंडीत पाणी! पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि वरून पाणी पडत राहिलं तर बर्फाच्या आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. मधेच पाणी बंद केलं तर सगळं गेलं. उजाडलं तेव्हा साडेतीन हेक्टरची बाग काचेची झाली होती. एक फांदी हातात धरून पाहिली. बोटभर जाड बर्फ, आणि आत गुलाबी कडेची पाकळी जशीच्या तशी. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. थंडीची लाट आली की वडील पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मी तसं मालकांना सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवला. त्या क्षणापासून आमचं बोलणं पाहुणा-यजमानाचं राहिलं नाही.

जुलैमध्ये ते आम्हाला 'वाल'वर घेऊन गेले. वाल म्हणजे डोंगराच्या कुशीतून आणलेला पाण्याचा पाट. हे खोरं कोरडं आहे, वर्षाला जेमतेम 500 मिलीमीटर पाऊस. म्हणून शतकानुशतकं ओढ्यांतलं, वितळलेल्या बर्फाचं पाणी असं फिरवून आणतात, पाळीनं वाटतात, आणि पाटावर लक्ष ठेवायला 'वालर' नेमतात. म्हणजे आपला पाटकरीच! धुळ्याकडच्या फड पद्धतीत हेच काम पाटकरी करतो. पाटात एक लहान लाकडी चाक बसवलेलं असतं. पाणी वाहतं तोवर त्यावरची हातोडी टकटक वाजत राहते. आवाज थांबला की वालरनं ओळखायचं, पाणी कुठेतरी अडलं. त्या चाकाशेजारी मी अर्धा तास बसून होतो.

जेवणाचं स्पष्ट सांगतो. आम्ही शाकाहारी आहोत आणि तिथे वाळवलेलं डुकराचं मांस, श्पेक, कशातही असू शकतं, भाजीच्या सुपातसुद्धा. आधी फोनवर सांगून ठेवा. सांगितल्यावर मालकीणबाईंनी पालकाचे उकडलेले गोळे वर लोणी सोडून केले, ते अप्रतिम. पण खरी मजा म्हणजे तिथली राय या धान्याची भाकरी, 'पार्ल'. दोन चपट्या भाकऱ्या एकमेकींना चिकटवून भाजतात. पहिल्यांदा तोडली तेव्हा बायको म्हणाली, "अरे, मेथी!" चुकली नव्हती. त्यात मेथीच्याच जातकुळीची, निळ्या फुलांची एक वनस्पती वाळवून घालतात.

न आवडलेलं म्हणजे फवारणी. सप्टेंबर सोडला तर प्रत्येक खेपेला एकदा तरी सकाळी खिडक्या बंद कराव्या लागल्या. मी स्वतः बागायतदाराचा मुलगा, फवारणीशिवाय फळ कसं अवघड असतं हे जाणतो. तरी लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी बाग घरापासून किती दूर आहे ते आधी विचारावं. याच खोऱ्यातल्या माल्स गावात 2014 साली सार्वमत झालं, तेव्हा सुमारे 75 टक्के मतं कीटकनाशकांच्या विरोधात पडली. त्यामुळे हा विषय तिथे नवा नाही. आमच्या मालकांनी तासभर मनापासून उत्तरं दिली.

नोव्हेंबरमध्ये भाजलेले चेस्टनट खाताना जमिनीच्या वाटणीचं निघालं. साउथ टिरोलमध्ये 'बंद' म्हणून नोंदलेलं शेत परवानगीशिवाय तोडता येत नाही. ते एकाच वारसाकडे जातं, बाकीच्या भावंडांना पैसे मिळतात. मालकांच्या दोन बहिणींना ते कित्येक वर्षं हप्त्यानं देत होते. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, तरी आमच्या आजोबांच्या बारा एकरांचे तीन तुकडे झाले. त्यांची पद्धत बहिणींवर अन्याय करते का, हे मी थेट विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, "करते. पण घर उभं आहे म्हणून त्या सणाला येऊ शकतात." मला हे पूर्ण पटलेलं नाही, पण परतीच्या वाटेवर आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो.

एका रात्रीपुरतं जाणार असाल तर हॉटेल बरं. किमान तीन रात्री काढा, आणि जमलं तर दुसऱ्या हंगामात त्याच घरी परत जा. एप्रिलच्या पाच रात्री आम्ही आत्ताच ठरवल्या आहेत, या वेळी दोन खोल्या. आई-वडील येताहेत. वडिलांना बर्फातला फुलोरा बघायचा आहे.