शेततळं, ताळेबंद की पाणी पंचायत? गावाचा पैसा कशात घालावा

पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. मराठवाड्यात आणि नगर-पुणे-सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते पुढे. पंचायतीकडे थोडा निधी आहे, गावातले दुकानदार आणि दूधवाले वर्गणी द्यायला तयार आहेत, मग तो पैसा कशात घालायचा? महाराष्ट्रातल्या गावांनी स्वतः चालून पाहिलेल्या तीन वाटा इथे शेजारी-शेजारी ठेवतो. माझा कल हिवरे बाजार या गावाच्या वाटेकडे, म्हणजे पाण्याच्या ताळेबंदाकडे आहे. तो का, ते पुढे येईलच.

शेततळं

सगळ्यात लवकर डोळ्यांना दिसणारं काम हेच. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार आणि आत प्लास्टिकचा कागद. अशा तळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग त्यावर उन्हाळा काढते. जालना जिल्ह्यातलं कडवंची हे याचं नावाजलेलं उदाहरण, आणि तिथली समृद्धी खरी आहे.

पण कडवंचीला जाणारे तळी बघून परततात आणि त्याआधीचं काम विसरतात. 1996 ते 2002 या काळात तिथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी उतारावरच अडवून जिरवण्याचं काम झालं. बांधबंदिस्ती आधी, तळी नंतर. हा क्रम उलटा केला की तळं भरतं विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने. म्हणजे जमिनीखाली, सावलीत असलेलं पाणी आपण वर काढून उन्हात पसरतो. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे 7,000 लिटर पाणी उडून जातं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ते फार नसतं आणि बांधाला बांध लागलेल्या सगळ्यांचं ते एकच असतं. एकाचं तळं भरलं की शेजारच्याची विहीर लवकर तळ गाठते. ज्याच्याकडे खोदकामाला पैसे आहेत आणि तळ्याखाली घालायला जागा आहे, तोच या शर्यतीत टिकतो.

पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने 1990च्या दशकात तिथे समतल चर (उताराला आडवे खणलेले), बंधारे, झाडं ही कामं झाली. अशी कामं इतरही गावांत झाली, पण हिवरे बाजारचं वेगळेपण नंतरच्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस-केळी लावायची नाही. गुरं मोकळी चारायची नाहीत, गवत कापून न्यायचं. पाऊस मोजायचा आणि किती पाणी हाताशी आहे ते पाहून रब्बीत काय पेरायचं हे ग्रामसभेत ठरवायचं. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरेल ते शेतीला.

याला पैसा फारसा लागत नाही. भांडण मिटवण्याची ताकद लागते. ज्या गावात दोन गट एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, तिथे हे पहिल्याच कमी पावसाच्या वर्षी मोडतं. पण टिकलं तर हवामान कसंही फिरलं तरी चालतं, कारण इथे दरवर्षीचा निर्णय त्या वर्षीच्या पावसावर घेतला जातो.

पाणी पंचायत

1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी हा प्रयोग उभा केला. समाईक उपसा सिंचन, म्हणजे पंपाने पाणी वर उचलून शेताला देणं, आणि पाण्याची वाटणी माणशी: डोक्याला अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. न्यायाच्या बाजूने तिन्हींत ही वाट मला सगळ्यात उंच वाटते. अडचण पंपाची आहे. वीजबिल, दुरुस्ती, पाणी सोडणारा भरवशाचा माणूस यांतलं एक सुटलं की योजना थांबते, आणि काळाच्या ओघात अनेक योजना अशा थांबल्याही. जवळ तलाव किंवा बारमाही ओढा नसेल तर हा विचार सोडून द्यावा.

गावातल्या धंदेवाल्यांचं काय?

साळुंखे स्वतः पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाण्याचा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही, हे त्यांना उमगलं होतं. किराणा दुकानदाराची उधारी सुगीवर फिटते. दूध संकलन केंद्र चाऱ्यावर चालतं. गिरणी, सलून, वेल्डिंगचं दुकान, सगळ्यांचा गल्ला गावातल्या किती घरांत पीक आलं यावर ठरतो. दहा बागायतदार तगले आणि दीडशे घरं उसाच्या टोळीत तोडणीला गेली, तर दुकान कुणासाठी उघडायचं? म्हणून दुकानदाराने वर्गणी द्यायचीच तर ती सामायिक कामाला द्यावी.

काही धंद्यांचं हित मात्र उलट दिशेला असतं, आणि ते ग्रामसभेत उघड बोललं पाहिजे. बोअरची गाडीवाला, प्लास्टिक कागद विकणारा, ताशी भाड्याने चालणारा पोकलेनवाला: यांच्यात वाईट कुणीच नाही, पण जास्त खोदण्यात त्यांची कमाई आहे. ताशी भाडं ठरलं की नाला गरजेपेक्षा खोल आणि रुंद होतो. त्यापेक्षा आराखडा आधी करून घनमीटरवर दर ठरवावा आणि काम गावातल्याच मशीनवाल्याला द्यावं. नर्सरीवाल्याला रोपांचे अर्धे पैसे लावताना आणि अर्धे दोन वर्षांनी जगलेल्या रोपांवर द्यावेत. गाळ काढायचा असेल तर ट्रॅक्टरवाल्यांशी हंगामाआधीच बोलावं, एप्रिलमध्ये ते सापडत नाहीत.

मग कुणी काय निवडावं?

पाणलोटाचं काम झालेलं नसेल तर तळ्यांना हात लावू नका, सगळा पैसा माथ्याकडे न्या. काम झालंय पण बोअर वाढतायत, तर ताळेबंदाशिवाय पुढचा एक रुपयाही खर्चू नये असं माझं ठाम मत आहे. तळी हवीच असतील तर ती पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरायची, विहिरीने नाही, हा ठराव आधी लिहून घ्या.

आणि कोणत्याही वाटेने जायचं तरी एक काम या दिवाळीआधी होऊ शकतं. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा, दोरी-टेपने पाण्याची पातळी मोजा, पर्जन्यमापकाचा आकडा त्याशेजारी लिहा आणि दोन्ही आकडे दूध डेअरीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लावा. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे येतंच.