यूपीआय लाइट : दीड वर्षाच्या वापरानंतर

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमा पिनशिवाय देण्याची यूपीआयमधील सोय, मी सुरू केली ती केवळ पासबुकाला कंटाळून. चहाचे दहा, कोथिंबिरीचे पंधरा, रिक्षाचे तीस अशा नोंदींनी पानेच्या पाने भरत आणि दर महिन्याला बँकेतील छपाईयंत्रापुढे ताटकळावे लागे. आता तिथे लाइटमध्ये हजार रुपये भरल्याची एकच ओळ उमटते. त्याचा खरा उपयोग मात्र मला पुढे आठवडी बाजारात कळला.

आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या संध्याकाळी साध्या यूपीआयने पैसे देणे म्हणजे संयमाची परीक्षा असते. पिन टाकावा, चक्र फिरत राहावे, मागे चार गिऱ्हाईके खोळंबावीत आणि पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या स्पीकरकडे बघत भाजीवाल्या मावशींनी म्हणावे, "ताई, डबा अजून बोलला नाही." एकदा औषधाच्या दुकानात माझे ६४० रुपये खात्यातून वजा झाले, दुकानदाराला मात्र मिळाले नाहीत, त्यामुळे तेवढेच पैसे पुन्हा रोख द्यावे लागले. अडकलेली रक्कम तिसऱ्या दिवशी परत आली. दुकानदाराला न पोहोचलेले पैसे पाच दिवसांत परत न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, हे मला तेव्हाच समजले; बँकेच्या खिडकीवर ते कोणी आपण होऊन सांगत नाही.

लाइटमध्ये हा खोळंबा बराच टळतो, कारण खात्यातून आधीच बाजूला काढलेल्या रकमेतून पैसे जातात आणि दहा रुपयांच्या मिरच्यांसाठी बँकेच्या मुख्य सर्व्हरला दर वेळी विचारावे लागत नाही. पिनही लागत नाही. स्कॅन करून रक्कम टाकली की मी पिशवी उचलेपर्यंत मावशींचा डबा बोललेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ही सेवा आली तेव्हा एका वेळी २०० रुपयेच देता येत. आता ही मर्यादा १,००० रुपये असून एकूण शिल्लक ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येते. किराण्याचे मोठे बिल वगळता माझा रोजचा सगळा खर्च त्यात बसतो.

नाव 'लाइट' असले तरी फोनला इंटरनेट लागतेच. रेंज पूर्ण गेली की हेही ठप्प होते. पिन नसल्यामुळे उघडा फोन कोणाच्या हाती पडला तर शिल्लक गेलीच म्हणून समजावे, आणि या पैशावर व्याजही मिळत नाही. एका ॲपमधील लाइटचे पैसे दुसऱ्या ॲपमधून वापरता येत नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत गैरसोयीची वाटते. फोन बदलण्याआधी जुन्या फोनवरील लाइट बंद करून रक्कम खात्यात वळती करून घ्यावी. हे मी विसरले होते आणि दोनशे-अडीचशे रुपयांसाठी मला तक्रार नोंदवत बसावे लागले.

शिल्लक कमी होताच आपोआप पैसे भरण्याची सोयही आहे, पण ती मी बंद ठेवली आहे. हजार रुपये किती दिवस पुरले, हे स्वतः भरतानाच लक्षात येते. गेल्या महिन्यात ते नवव्या दिवशी संपले आणि त्यातले निम्मे चहा-वडापावावर गेले होते.