अम्ब्रोसिया भुंगेऱ्याची ओळख: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

लाकडात बोगदे करून बुरशी वाढवणाऱ्या अम्ब्रोसिया भुंगेऱ्यांच्या झायलेबोरिनी गटातील जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा हाती आल्यावर त्याची जाती बाह्य खुणांवरून ठरवावी की जनुकीय क्रमावरून, हे बहुधा प्रयोगशाळेतील सोय पाहून ठरते. वास्तविक ते समोरची प्रजाती (जवळच्या जातींचा गट, म्हणजे जीनस) पाहून ठरायला हवे.

झायलोसँड्रस या प्रजातीच्या नेहमी सापडणाऱ्या जातींसाठी सूक्ष्मदर्शक पुरतो. पूर्ववक्षाच्या (डोक्यामागच्या भागाच्या) मागच्या कडेवरचा केसांचा झुबका आणि पुढच्या पायांच्या मुळांमधील रुंद अंतर यांवरून प्रजाती कळते. त्यापुढे दोन मिलिमीटरहून मोठा, पंखावरणांच्या (पंख झाकणाऱ्या कठीण कवचांच्या) मागच्या उतारावर बारीक कणांमुळे निस्तेज दिसणारा भुंगेरा क्रॅसियसक्युलस, तर त्याहून लहान व चकचकीत उताराचा कॉम्पॅक्टस. रंगावर मात्र विसंबू नये, कारण नुकतेच प्रौढ झालेले काळे भुंगेरेही तपकिरी दिसतात. शिवाय ओळखतक्ते माद्यांवर आधारलेले असल्याने खोडातून निघालेला, उडता न येणारा खुजा नर त्यांत बसत नाही.

युवॅलेसिया या दुसऱ्या प्रजातीतील फॉर्निकेटस समूहात, म्हणजे दिसायला जवळजवळ सारख्या जातींत, हा मार्ग अडतो. फॉर्निकेटस, परब्रेव्हिस आणि कुरोशिओ यांच्या लांबी-रुंदीच्या मापांची व्याप्ती एकमेकांवर चढते, त्यामुळे एकट्यादुकट्या नमुन्यावरून खात्रीचे नाव देणे मला धाडसाचे वाटते. येथे सीओआय या मायटोकॉन्ड्रियातील, जाती ओळखण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम घ्यावाच. तथापि या भुंगेऱ्यांत भावंडांचाच संकर होत असल्याने एकाच जातीच्या वंशरेषांमध्येही सीओआयचे अंतर बरेच वाढलेले असते आणि इतर कीटकांसाठी वापरली जाणारी दोन-तीन टक्के फरकाची मर्यादा लावल्यास नसलेल्या जाती निर्माण होतात. म्हणून सीएडी या केंद्रकीय जनुकाची जोड हवी.

क्रम मिळाला तरी नाव आपोआप मिळत नाही. 1868 मध्ये आइखहॉफ यांनी वर्णिलेले फॉर्निकेटस हे नाव दीर्घकाळ चहाच्या खोडकिड्यासाठी वापरले गेले आणि 2018 च्या पुनर्मांडणीतही ते तिथेच राहिले. 2019 मध्ये मूळ प्ररूप नमुन्याची (ज्यावरून नाव दिले गेले त्या नमुन्याची) मापे तपासल्यावर ते नाव अनेक प्रकारच्या झाडांवर जगणाऱ्या बहुभक्षी जातीचे ठरले, त्या जातीसाठी तोवर वापरले जाणारे व्हिटफोर्डिओडेंड्रस हे नाव त्यात विलीन झाले आणि चहावरील जातीला परब्रेव्हिस हे नाव आले. त्यामुळे जुन्या नोंदींतील, तसेच जनुकीय संग्रहांतील नावे पडताळूनच स्वीकारावीत.

नमुने दाट इथेनॉलमध्ये ठेवावेत, आणि डीएनए काढताना शरीर शाबूत राहील अशी पद्धत निवडून तोच भुंगेरा पुढे टाचून जपावा.