डब्यात ‘ळ’ नाही: अक्षरकार्डांचा एप्रिल ते दिवाळीचा अनुभव

पोरीला घरी वाचायला शिकवायचं म्हणून एप्रिलमध्ये यवतमाळहून ‘मुळाक्षरे व मात्रा’ असं लिहिलेला पुठ्ठ्याच्या कार्डांचा डबा आणला. दीडशेच्या आत मिळाला. सोबत बाराखडीचा तक्ताही घेतला. आमचं गाव दारव्ह्याकडचं. विदर्भात शाळा उघडायला जूनची अखेर होते आणि मे महिन्याच्या दुपारी लेकरू कूलरसमोरून हलत नाही, तेव्हा वेळ भरपूर होता. आता दिवाळी झाली, पोरगी पहिलीत आहे आणि डब्याचे कोपरे पार मऊ पडलेत.

आधी तक्त्याचं सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. भिंतीवर छान दिसतो. पोरगी आठवड्याभरात ‘क का कि की’ घडाघडा म्हणायला लागली आणि सासूबाई सगळ्यांना बोलावून ऐकवायच्या. मी मधल्याच ‘कू’वर बोट ठेवलं की ती पुन्हा ‘क’पासून सुरू करून तिथवर यायची. पाठ होणं निराळं, वाचणं निराळं.

वाचन सुरू झालं ते सुट्या कार्डांनी. अनुक्रम सोडून आधी घ, र, न, व, ख, ग, त एवढीच काढली. घर, वर, नख, गवत, वखर. वखर तिने शेतात रोज पाहिलेला, मात्राही नाही, म्हणून तो शब्द पटकन लागला. सुरुवातीला ती प्रत्येक अक्षर लांबवून ‘घअ… रअ…’ म्हणायची आणि शेवटी ‘घरअ’ यायचं. शेवटचं अक्षर तोडून बोलायचं हे सांगून कळत नाही. मी ‘घर’ म्हणत दाराकडे हात केला, एवढंच. दोन-तीन शब्दांनंतर तिचं तिलाच जमलं.

मात्रांच्या पारदर्शक पट्ट्या हा या डब्यातला सगळ्यात कामाचा भाग. ‘क’वर काना ठेवला की ‘का’, काढला की ‘क’. पहिल्या वेलांटीशी मात्र बरेच दिवस झगडा चालला. ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो, म्हणून ‘किडा’चं ‘इकडा’ व्हायचं. पुस्तकात वेलांटी छापलेलीच असते, इथे ती पट्टी हाताने उचलून ठेवायची. मी आधी ‘क’ ठेवायचा, तो म्हणायचा आणि मगच पट्टी डावीकडून लावायची असं ठरवलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

आता तक्रारी. एक म्हणजे प्रत्येक अक्षर एकदाच आणि कानाही एकच. बाबा, मामा, काका, दादा यातलं काहीच लावता येत नाही, आणि लेकराला पहिल्यांदा हेच शब्द पाहिजे असतात! जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने जोडकार्डं केली. उन्हाळ्यात पत्रिकांचा काय तुटवडा.

दुसरी तक्रार मोठी. डब्यावर मराठी लिहिलंय, पण आतला माल हिंदीचा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला, शाळेच्या पुस्तकात तोच आहे. पोरीने विचारलंच, “आई, हा ल असा काऊन?” आणि ‘ळ’ तर डब्यातच नाही. म्हणजे नळ, बाळ, शाळा, पोळा, केळं सगळं गेलं. तोही पत्रिकेवर काढला.

‘ळ’ आल्यावर वेगळीच गंमत. आमच्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो. शाया, डोया, केयं. ‘शाळा’वर बोट ठेवून पोरगी सरळ ‘शाया’ म्हणायची. मी ते बरोबर धरलं, कारण अक्षरं ओळखून अर्थ कळल्याशिवाय ‘शाया’ येणारच नाही. मोबाइलवर वाचन ऐकणारं एक फुकटचं ॲप होतं, ते तिथेच अडायचं, पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणायला लावायचं. ती रडकुंडीला आली आणि सासूबाई म्हणाल्या, “तिले खेयू दे आता.” मी ॲप काढून टाकलं. मग एकदा ‘फुलांची माळ’ तिने ‘फुलाची माय’ वाचली आणि स्वतःच खुदकन हसली. त्या दिवसापासून ती ‘ळ’ दिसला की जरा थांबते. घरी अजून शायाच म्हणते, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पावसाळ्यात कार्डं वाकली, म्हणून वरून चिकटपट्टी मारली. कापूस वेचणीच्या दिवसांत डबा कित्येक दिवस उघडला नाही, तरी ती फार विसरली नाही.

पोळ्यानंतर मी गोष्टींकडे वळले. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या. पहिल्या पातळीत पानावर एखाददुसरं वाक्य असतं. झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या छापून आणल्या, रंग तिने भरले. मधून मधून ‘असर’च्या, म्हणजे खेड्यातल्या लेकरांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या पाहणीतला वाचनाचा कागद समोर ठेवते. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, सगळं थोडक्यात मावतं. ती आता उताऱ्यावर आहे, अडखळत.

जोडाक्षरांसाठी डब्यात क्ष, ज्ञ, त्र, श्र एवढंच आहे, अर्धी अक्षरं नाहीत. तिथून पुढे तो उपयोगाचा नाही. रफार तर मी पाटीवरच घेतेय.

पाचपैकी तीन गुण, त्यातले दोन पट्ट्यांचे. घ्यायचा असेल तर दुकानातच डबा उघडून ‘ळ’ आणि जास्तीचे काने आहेत का ते बघा. नसतील तर पारदर्शक प्लास्टिक आणि पत्रिका आणून घरीच करा. एका दुपारचं काम आहे. धाकट्यासाठी मी तेच करणार आहे.