चिपाडाचा भुसा, पण पाणी न पिणारा

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं. मशीनखाली सांडलेलं ऑइल टिपायला इतकी वर्षं लाकडाचा भुसा नाहीतर कॉटन वेस्ट, तेच चालू होतं. मग एकानं हा केमिकल लावलेला उसाच्या चिपाडाचा भुसा गळ्यात मारला, 5 किलोची पिशवी. कोल्हापुरात राहून चिपाड विकत घेतलं म्हणून पोरं हसली.

पण साधं चिपाड आधी पाणीच पितं, त्याच्या धाग्यात पाणी धरणारे हायड्रॉक्सिल गट असतात ना. ह्याला ॲसेटिक ॲनहायड्राइड नावाचं केमिकल लावून त्यातले बरेच गट बदललेले असतात, म्हणून पाणी नको आणि तेल पाहिजे असा ह्याचा स्वभाव. खरं वाटेना म्हणून दोन ग्लासात पाण्यावर 68 नंबरचं मशीन ऑइल ओतलं, एकात रसवंतीतलं वाळकं चिपाड चुरून टाकलं, दुसऱ्यात हे. चिपाड भिजून तळाला गेलं, हे मात्र वरच तरंगत तेल ओढत बसलं. विकणारा स्वतःच्या वजनाच्या 10 पट तेल पितं म्हणत होता, निथळून आमच्या काट्यावर साडेचार पट भरलं. तरी वाईट नाही.

फरशीवर मात्र पैसे वाया, कोरड्या जागी साधा भुसा तेवढंच काम करतो. खरा उपयोग कूलंटच्या, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत! स्लाइडवेचं, म्हणजे मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्यांचं ऑइल उतरून टाकीत वर साय धरते आणि सोमवारी सकाळी शटर उघडलं की जो वास येतो तो सीएनसीवाल्यालाच माहीत. पहिल्यांदा भुसा सुटा टाकला तर पंपाची जाळी चोक, मग नायलॉनच्या जुन्या ओढणीत पुरचुंडी बांधून शनिवारी सोडली, सोमवारी साय गायब. कूलंटमध्ये दुधासारखं मिसळलेलं तेल निघत नाही, त्याची आशा ठेवू नका.

दुसऱ्या पिशवीनं मात्र डोकं फिरवलं. उघडली तर व्हिनेगरचा भपकारा, म्हणजे माल नीट धुतलेलाच नव्हता, केमिकल लावताना तयार झालेलं ॲसिड आत तसंच. 9 पीएचचा कूलंट 8 च्या खाली आला (पीएच जितका कमी तितकं ॲसिड जास्त) आणि दोन जॉबवर, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागांवर गंज. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे उन्हात वाळवा.

आणि वापरलेला भुसा नैसर्गिक आहे, शेतात टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तेल प्यायलं की तोही कॉटन वेस्टसारखाच घातक कचरा, अधिकृत कचरेवाल्यालाच द्यायचा.

तिसरी पिशवी घेणार आहे, पण दुकानातच फोडून वास घेऊन.